जेवणानंतरची दहा मिनिटं

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट वास आला, की शिरवळच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. मी शिफ्टचा सुपरवायझर होतो. लेथ मशीनवरच्या एका कामगाराला ताण आणि बीपीमुळे डॉक्टरांनी जेवणानंतर चालायला सांगितलं होतं. "सायेब, धाच मिन्टं फिरून येतो," तो म्हणाला. "आणि मशीन कोण बघणार?" मी सगळ्यांसमोर झापलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. महिन्याभरात तो मशीनपाशीच कोसळला आणि गेला. त्याचं सामान न्यायला बायको आली. "आवं सायेब, हितं रोज चालतो म्हणायचे, मग असं कसं झालं?" घरी त्यानं तसं सांगितलं होतं. "चालायचे की," मी म्हणालो. आता निवृत्तीनंतर मी रोज तासभर चालतो. उंब्रजला, तिच्या गावी जाऊन तिला खरं सांगणं मात्र अजून झालेलं नाही.