टाकी भरलेली आहे

तानसा तलावापासून तो पाडा चालत अर्ध्या तासावर. तलावाचं पाणी मुंबईला जातं आणि तलावाशेजारच्या बायका हंडे घेऊन बसतात, हे वाक्य मी इतक्या पत्रकांत छापलंय की मलाच त्याचा कंटाळा आलाय. वाक्य खरं आहे, त्याला मी काय करू?

पाड्याला सौरपंप मिळाला होता. तोटी तुटली तेव्हापासून पंपाचं तंत्र बिघडलं. कधी घटकाभर चालायचा, मग बंद. बायका म्हणायच्या, त्याच्या अंगात येतं. तक्रार केली, तर पाणीपुरवठ्याच्या साहेबाने ऑफिसात बसूनच सांगितलं, "टाकीवरचं यंत्र रोज टाकी भरलेली दाखवतं. पाणी लागत नाय तर पंप दुसऱ्या पाड्याला देतो." दुसऱ्याच दिवशी पंप न्यायला टेम्पो येणार होता.

मी मुरबाडहून निघाले ती पत्रकं घेऊनच. मथळा ठळक: 'यंत्र खोटं, कंत्राटदार चोर!' फक्त पुरावा हवा होता. आयटीआयमध्ये शिकलेलं एक काम येत होतं: अशा यंत्राला केबल लावायची आणि ते काय बोलतंय ते लॅपटॉपवर वाचायचं.

चैत्राची दुपार. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड, जड वास. टाकीशेजारच्या मावशीच्या ओसरीवर मी बसले, टाकीवरच्या यंत्राच्या डब्यातून केबल ओढून घेतली, प्रोग्रॅम उघडला, पोर्ट निवडला, कनेक्ट दाबलं.

पडद्यावर कचरा आला. चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटक्या रेघा, मुंग्यांची रांग विस्कटावी तशा.

"बघा! यंत्र खोटं!" मी ओरडले.

मावशी वाकून बघत म्हणाली, "बाय, तू त्याच्याशी त्याच्या चालीनं बोलतेस का?"

मी डबा पुन्हा उघडला. यंत्र किती वेगाने बोलतं त्याचा आकडा झाकणाआड चिकटवलेला होता, तो मी बघितलाच नव्हता. मेनूत तो निवडला आणि मुंग्या ओळीत आल्या. संथ, एकाखाली एक, सगळ्या सारख्या: टँक फुल, पंप ऑफ. टँक फुल, पंप ऑफ. वाचता वाचता डोळे जड झाले. ऊन, मोहाचा वास, ती वर सरकणारी अक्षरं. वाटलं, कुठेतरी आत खरंच एक भरलेली टाकी आहे, गार, काठोकाठ, आणि आपण तिच्या तळाशी बसून वर बघतोय.

"घसा सुकला आसंल तुझा," मावशी म्हणाली. टाकीपाशी जाऊन तिने झाकण सरकवलं आणि आत हात घातला.

पडद्यावरची ओळ बदलली. टँक एम्प्टी, पंप ऑन. पाईप खोकला, पाणी आलं.

"आलं गो त्याच्या अंगात!" मावशी हसली. तिच्या हातात दोरी बांधलेला पितळी तांब्या होता. प्यायच्या पाण्यात कुणाच्या घरचं भांडं बुडवायचं नाही, हा पाड्याचा नियम. तोटी तुटल्यापासून पाणी वरूनच काढायचे; सगळ्यांचा तांब्या एकच, आणि तो टाकीतच राहायचा.

"मावशी, तो परत ठेव. होता तिथंच."

झाकणाखालून दोन सळ्या लोंबत होत्या. तिने तांब्याचा गळा त्यांच्यामध्ये अडकवला. टँक फुल, पंप ऑफ. पाईप गप्प.

पाणी त्या सळ्यांना लागलं की यंत्र समजतं टाकी भरली. पितळ लागलं तरी तेच समजतं.

"या सळ्या कशाला ते कुणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"झाकणाखाली दोन खुंट्या दिल्या, आमी तांब्या टांगला. कंत्राटदारानं डबा बसवला, फोटो काढला, गेला. इचारायला थांबलं कोण?"

यंत्र खरं बोलत होतं. कंत्राटदार चोर नव्हता, फक्त घाईत होता. माझ्यासारखाच. पत्रकं पिशवीतच राहिली. राग मात्र गेला नाही. खाली बसून बायकांना चार वाक्यं सांगणं हे कुणाच्याच कामात का धरलेलं नसतं?

एकच पत्रक काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर मी साहेबासाठी सगळं लिहिलं. मावशीने खाली आंगठा उमटवायच्या आधी विचारलं, "त्यात तांब्या लिवलास?"

"लिहिला."

मग तिने टाकीच्या बाहेर, कुडाच्या मेढीला लाकडी खुंटी ठोकली आणि तांब्या तिथे टांगला. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती आणि पंप आपोआप बंद झाला होता. ड्रायव्हरने त्याच तांब्याने पाणी प्यायलं, साहेबासाठीचा कागद खिशात घातला आणि रिकामी गाडी वळवली.