सिद्धाराम आप्पांचं समुद्रफूल

उमरग्याच्या बसस्थानकावर ज्यांनी कधीकाळी गाडी पकडली असेल, त्यांच्या कानात सिद्धाराम आप्पांचा आवाज अजून असणार. वाहतूक नियंत्रकाच्या खोलीतून ते माइकवर असे काही कडाडायचे की चालक मुकाट्यानं गाडी मागं घ्यायचा. "लातूर गाडी, फलाट तीन! तीन म्हणलो ना मी?" कुणी कुठं उभं राहायचं हे ठरवण्यात अख्खी नोकरी गेली. निवृत्तीनंतर हुकूम ऐकायला उरल्या एकट्या जगदेवीबाई, आणि त्या तर लग्नापासूनच नवऱ्याचं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देत आलेल्या.

अशात आप्पा हैदराबादला एका लग्नाला गेले आणि तिथल्या एका दुकानात त्यांना समुद्रफूल दिसलं. नावाचंच फूल, खरा तो प्राणी. बूड दगडाला चिकटवून बसतो आणि बोटांसारख्या शेंड्या पाण्यात डोलवत राहतो. त्या शेंड्यांत एक नारिंगी जोकर मासा मजेत लोळत होता. आप्पा काचेपुढून हलेनात. तिकडं लग्नाची पंगत उठली.

उमरग्यात समुद्र आणायचा म्हणजे काय खायचं काम आहे? टाकी आली, दिवे आले, पंप आला, समुद्राच्या मिठाच्या पिशव्या आल्या. फिल्टरच्या पाण्यात ते मीठ मापानं कालवून आप्पांनी कित्येक महिने नुसतं खारं पाणी फिरवत ठेवलं, कारण पाणी मुरल्याशिवाय दुकानदार फूल द्यायला तयार नव्हता. गल्लीत बोभाटा झाला की आप्पा पाणी पाळतात. शेजारचे अमरसिंह तर येता-जाता विचारायचे, "आप्पा, भरती आली का?" आप्पा मनात म्हणायचे, थांब, तुला दाखवतो.

शेवटी फूल आलं. सोबत जोकर मासाही. दारातून पाऊल टाकलं की पहिली नजर पडेल असा टाकीतला मधला दगड आप्पांनी फुलासाठी मोकळा ठेवला होता. त्यावर त्यांनी त्याला थाटात बसवलं. सकाळी बघतात तर फूल दगडावरून उतरून मागच्या बाजूला निघालेलं.

"हे काय? तुझी जागा मधी हाय," असं म्हणत आप्पांनी बाही वर सारली आणि त्याला उचलून पुन्हा मधल्या दगडावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी फूल पुन्हा चालू पडलं. आप्पांनी पुन्हा आणून ठेवलं. हे असं रोजचंच झालं.

"अहो, ते काय लातूर गाडी हाय का?" जगदेवीबाई म्हणाल्या. "जाऊ द्या की त्याला जायचं तिथं."

"पाठीमागं जाऊन बसल्यावर लोकांनी काय दगड बघायचे?"

आणि एक दिवस अमरसिंह पाहुण्यांना घेऊन फूल बघायला येणार होते. फूल नेमकं तेव्हाच खालच्या कपारीत घट्ट चिकटलेलं. आप्पांनी नखानं बूड सोडवायला घेतलं, जरा जोर केला आणि ते फाटलं. बघता बघता फूल आक्रसून गेलं, शेंड्या लोंबायला लागल्या, तोंड वासलेलं राहिलं. जोकर मासा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. आपल्या मिरवण्यापायी आपण एका मुक्या जिवाला फाडलं, हे आप्पांच्या मनाला फार लागलं.

त्यांनी हैदराबादला फोन लावला. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं.

"साब, बचेंगा तो अपनी जागा पे बचेंगा. इनों अपनी जागा खुदीच ढूंडते. रोशनी देखते, पानी की धार देखते. तुम हात नको लगाओ. पंप के मुँह पे इस्पंज बांधो, नै तो खिंच के अंदर जाएगा. और सबर करो."

"और मेहमानां कू क्या दिखाना?"

"मेहमानां कू मछली दिखाव, साब."

आप्पांनी पंपाला स्पंज बांधला. थोडं थोडं पाणी बदललं. उन्हाळ्यात वीज जायची तेव्हा इन्व्हर्टरवर पंप चालायचा आणि पंखा बंद. जगदेवीबाई पदरानं वारा घेत बोलायचं ते बोलून घ्यायच्या. आप्पा मात्र हात पाठीमागं बांधून टाकीभोवती फेऱ्या मारायचे, कारण हात मोकळे राहिले तर ते पाण्यात जातील याची त्यांना स्वतःलाच भीती होती.

फूल सरकत सरकत मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या अंगाला असलेल्या कपारीत जाऊन रुतलं. काही दिवस तसंच आक्रसून होतं. मग हळूहळू तोंड मिटलं, बूड भरून आलं, आणि एका सकाळी ते असं फुलून आलं की कपार दिसेना. जोकर मासा आत शिरून लोळायला लागला. आप्पांचे डोळे भरून आले. जगदेवीबाई बघत होत्या, तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

आता ते फूल दिसतं ते फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिज आणि भिंतीमधल्या बोळकांडीतून. तिथं जेमतेम एक खुर्ची मावते. आप्पांनी हॉलमधली आपली खुर्ची उचलली आणि तिथं नेऊन टाकली. जगदेवीबाईंना अडचण होते, पण चहा हातासरशी देता येतो आणि भाजी निवडताना बोलायला माणूस मिळतं, म्हणून त्या काही म्हणत नाहीत.

परवा अमरसिंह दारात उभे राहिले आणि टाकीतल्या मोकळ्या दगडाकडं बघून हळूच म्हणाले, "गेलं काय आप्पा फूल? लई वाईट झालं."

बोळकांडीतून आप्पांचा आवाज आला. माइकवरचा नव्हे, अगदी साधा. "न्हाय ओ, बरं हाय. त्याला इथंच बरं वाटतंय. तुमीच या इकडं."