दाराकडे पाठ

शिंपीमास्तरांचं मशीन चुकीच्या तोंडाला मांडलंय, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. दार समोर, खिडकी मागे. उजेड पडायचा मास्तरांच्या पाठीवर आणि सुईवर त्यांचीच सावली. "गिऱ्हाइकाला आपलं तोंड दिसलेलं बरं," असं ते म्हणत. खरं तर ते तोंड दिसलं की गिऱ्हाईक पायरीवरच बिचकायचं. पाऊल वाजलं की पायडल थांबे, मास्तर दाराकडे डोळे रोखत. मांजर आलं तरी तेच.

रक्तदाबाची एक गोळी होती, तिच्या तीन झाल्या. मीठ सुटलं. आकडा मात्र हटून बसलेला. मग एके सकाळी डाव्या डोळ्यापुढून सुईच नाहीशी झाली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलं होतं.

"दाब असाच राहिला तर नजर जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांपुढे रिकामं दुकान उभं राहिलं. आंधळ्या शिंप्याकडे माप द्यायला कोण येणार?

बाहेर पाऊल वाजलं तसे मास्तरांनी दाराकडे डोळे रोखले, ते बाईंनी पाहिलं. "लहानपणी घरी कसं होतं, मास्तर?"

"बाई, मी डोळा दाखवायला आलोय. लहानपण घरी ठेवून आलोय."

"सांगा की हो," सोबत आलेली बायको म्हणाली. "मला तरी कुठं धड सांगितलंय?"

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. मग सांगितलं. जिन्यावर वडिलांचे बूट वाजायचे. सरळ वाजले तर जेवण, घासत आले तर पट्टा. घासत आले की धाकट्या बहिणीला कपाटामागे ढकलायचं. हे काम सात वर्षांच्या पोराकडे होतं. "पण ते जाऊन युग लोटलं," ते म्हणाले.

"तुमच्या अंगाला कुणी कळवलेलं दिसत नाही. ते अजून पहारा करतंय," बाई म्हणाल्या. "अशा धास्तीत वाढलेल्यांचा दाब मोठेपणी चढलेला बऱ्याचदा दिसतो. गोळ्या चुकवू नका. आणि पहारा थोडा उतरवता येतो का बघा. बोलायला माझ्याकडे येत जा."

दुकानात शिरल्या शिरल्या बायकोनं मशीन खिडकीकडे फिरवलं आणि स्वतः काजं-बटणं घेऊन दाराशी स्टुलावर बसली. "दार माझं, सुई तुमची."

सुरुवातीला फजितीच झाली. पाऊल वाजलं की मास्तरांची मान मागे आणि टीप भलतीकडे. एका पँटीची टीप तर गुडघ्यापाशी वळण घेऊन खिशात शिरली. बायको तिथूनच ओरडायची, "मांजर आहे!" "शेजारीण आहे!" "अहो, वारा आहे, शिवा तुम्ही!"

मास्तर डॉक्टरीणबाईंकडे बोलायला जात. आधी बायको ढकलायची, नंतर आपणहून. आकडा मुंगीच्या चालीनं का होईना, उतरू लागला. सुई परत दिसू लागली, थोडी धुरकट.

एका दुपारी मास्तर कोटाची कॉलर बसवत होते. मागून कुणीतरी घसा खाकरला.

"मास्तर, ऐकू येत नाही का? मघापासून उभा आहे मी!"

मास्तर वळले. कोटाचे मालक लालबुंद होऊन उभे होते. स्टुलावर बायको भिंतीला डोकं टेकून घोरत होती.

"मघापासून म्हणजे?"

"चांगला पाव तास!"

"पाव तास?" मास्तरांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला. "माझ्या पाठीमागे? अगं ए, ऊठ! हे बघ काय म्हणतायत! सांगा हो, हिला परत सांगा."

बायकोनं डोळे चोळले, एकदा गिऱ्हाइकाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"मग आता खुर्ची तरी द्या त्यांना!"