पॅडची चड्डी आणि लांज्याचा रस्ता

रविवारी सायकलने लांज्याला जायचं ठरलं आणि मी घाबरले. चढांची भीती नव्हती, बसण्याची होती. आदल्या रविवारी पावसला जाऊन आले तेव्हा मांडीच्या आतली कातडी अशी सोलवटली होती की शाळेत मी उभ्यानेच शिकवलं. बाई रागावल्यात, असं मुलींना वाटलं.

आमच्या सायकलच्या गटात माझी एक डॉक्टर मैत्रीण होती. धीर करून तिला फोन केला.

"घालतेस काय?" तिने विचारलं.

"पॅडची चड्डी. ऑनलाइन स्वस्तात मिळाली. अगदी उशीसारखी जाड आहे."

"आणि आतून?"

"आतून नेहमीचंच."

"ते घालायचं नसतं गं. शिवणी घासतात. आणि जाड पॅड तासाभरात दबून जातं. बोटाने दाबलं तर लगेच वर येईल असं घट्ट घे, बायकांसाठीचं. दुकानात घालून बघूनच घे."

घालून बघायचं, हेच मला नको होतं. मारुती मंदिराजवळच्या सायकलच्या दुकानाचे मालक माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. बाहेर दोनदा घुटमळले, मग आत शिरले.

"कोणासाठी हवी, बाई?"

"माझ्याचसाठी," म्हणताना माझे कान तापले.

त्यांनी मान वर न करता बायकोला आतून बोलावलं. तिने तीन चड्ड्या काढून दिल्या, मी पडद्याआड जाऊन एकेक घालून बघितली. सगळ्यात महाग होती ती पोटावर काचत होती. स्वस्तातलीचं पॅड दाबलं की खड्डा तसाच राहत होता. मधली बरी वाटली.

"उभं राहून नाही कळायचं," ती पडद्याबाहेरून म्हणाली. "सायकलवर बसल्यासारख्या वाका."

मी वाकले. पॅड जागचं हललं नाही, मांडीशी चुणी पडली नाही. आरशात मात्र बघवेना. वरून घालायला एक सैल हाफपँटही घेतली.

रविवारी हातखंब्यापर्यंत माझं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. जरा कुठे चुरचुरलं की वाटायचं, झालं सुरू. पालीच्या चढावर घाम आला तशी धास्ती वाढली. आता ओलं कापड घासणार. मैत्रिणीने दोनदा मागे वळून बघितलं. मी नुसती मान हलवली.

लांज्याला चहा सगळ्यांनी बसून घेतला. मी टपरीच्या खांबाला टेकून उभी राहिले, कारण परतीचा सगळा रस्ता अजून बाकी होता.

घरी आल्यावर आधी न्हाणीघर गाठलं, कडी लावली आणि बघितलं. थोडी लाली होती, पण कातडी शाबूत होती. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. "जमलं ना?"

"जमलं," मी म्हटलं. "तरी उद्या सकाळी परत बघते."