पाहुणे डोंगरावर आणि माझा जीव टांगणीला

आमच्याकडे पाहुणे दोन दिवस राहून जातात आणि जाताना हमखास काहीतरी विसरतात. कोणाचा चार्जर, कोणाचे मोजे, एका काकांची तर दातांची कवळी! मग त्यांचा फोन येतो आणि आमच्या गावचे ऑटोवाले रहीमभाई ती वस्तू पुसदला नेऊन कुरिअर करून देतात. पण मागे राहिलेले किस्से कोणी परत मागत नाही. ते माझ्याजवळ साठून राह्यले. पंचाईत एवढीच, की प्रत्येक किश्शात पाहुणे शहाणे आणि वेडी मीच!

आमचं शेत डोंगराच्या अगदी पायथ्याशी. चिकू आमची मुलगी. तिचे बाबा तीन वर्षं पुण्याला कंपनीत होते. चिकू तेव्हा दोन-अडीच वर्षांची. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की ती भाकरीचा तुकडा फोनला लावून म्हणायची, "बाबा, आ करा." एक दिवस हे तिकडून खरंच आ करून बसले, आणि पुढच्याच सुट्टीत सामान घेऊन परत आले. डोंगर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी शेतात टिनाच्या दोन खोल्या बांधल्या, बाहेर भाड्याची पाटी लावली.

मला म्हणाले, "मीना, होळीपर्यंत पाहू. खोल्या चालल्या तर इथंच राहीन. नाही चालल्या तर सुपरवायझर परत घ्यायले तयार आहे."

काम सोपं होतं. पाहुण्यांनी डोंगर चढायचा, यांनी वाट दाखवायची, मी स्वयंपाक करायचा.

अडचण एकच. मले डोंगराची भीती वाटते! लग्नाला सहा वर्षं झाली, पण मी त्या डोंगरावर पाय ठेवला नव्हता. चिकूला तर शेताच्या धुऱ्यापलीकडे, बांधाबाहेर जाऊ देत नव्हते. आणि पाहुणेसुद्धा कोणाची तरी लेकरंच की!

* * *

पहिले पाहुणे नागपूरचे. दोन जोडपी, नवे कोरे बूट. पहाटे साडेपाचला अंगणात तयार. वरून सूर्योदय पाहायचा होता.

त्यातला एक दादा हात हलवून म्हणाला, "चला वहिनी, जातो!"

घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणतं का? म्हटलं, "दादा, परत या. खाली बसा. घोटभर पाणी प्या आन मग 'येतो' म्हणून निघा."

बिचारे चौघंही बूट काढून आत आले, सतरंजीवर बसले, पाणी प्यायले, बूट घातले, निघाले. फाटकाशी पोचतात तोच त्यांच्यातली एक ताई शिंकली!

पुन्हा बूट काढले. पुन्हा सतरंजी. पुन्हा पाणी.

तिसऱ्यांदा निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी धुऱ्यावरून हाक मारली, "कुठं निघाले व सारे?" निघणाऱ्याला 'कुठं' विचारलेलं मला चालत नाही. पण त्या दादांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आतच बूट काढायला बसले.

साडेआठ वाजले. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "मीना, यायले उगवता सूर्य दाखवाचा होता. तू आता मावळता दाखवतं का?"

* * *

मग पुण्याचा एक दाढीवाला आला. दारातून वाकून आत यावं लागे, एवढा उंच. हिमालयात म्हणे बर्फात राहून आलेला.

मी विचारलं, "आईला सांगून आलात?"

तो हसायला लागला. "वहिनी, मी चौतीस वर्षांचा आहे."

म्हणजे सांगितलं नव्हतं! मी म्हटलं, नंबर द्या. त्यानं गंमत म्हणून दिला आणि मी खरंच लावला.

तासभर बोललो आम्ही दोघी. त्या माउलीनं मन मोकळं केलं. थंड पाण्यानं त्याचा घसा धरतो. रात्री पांघरूण लाथाडतो. दुधात साय दिसली तर पीत नाही. मी सगळं लक्षात ठेवलं. दोन दिवस त्याला कोमट पाणी आणि गाळलेलं दूध दिलं. डोंगरावर जाताना कानाला माझा मफलर बांधला, गुलाबी. हिमालय चढलेला माणूस, मान खाली घालून गेला!

तो घरी पोचल्यावर त्याच्या आईचा फोन आला. "वहिनी, पुढच्या महिन्यात पुन्हा हिमालयात जायचं म्हणतोय हो. तिकडे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

* * *

सगळ्यात जास्त भीती मला कशाची, तर वर गेल्यावर भूक लागली तर काय? वर काय हॉटेल आहे?

म्हणून अकोल्याचा आठ जणांचा ग्रुप आला तेव्हा मी पहाटे तीनलाच उठले. गोवऱ्यांवर कणकेचे जाडजूड रोडगे भाजले. वांग्याची झणझणीत भाजी, वरण. सकाळी सातला पानं वाढली. ते म्हणत होते, "वहिनी, आम्ही सकाळी फक्त एक केळं खातो."

केळ्यावर डोंगर चढतो का कोणी? मी रोडगा फोडला, त्यात तूप ओतलं. एकाला वाढलं की दुसरा ताट पुढे करे. शेवटी भाजीचं पातेलं पुसून काढलं त्यांनी.

सगळे पुढे निघाले. हे बैलाला पाणी पाजून मागून गेले आणि अर्ध्या तासात एकटेच परत आले.

मी घाबरले. "अहो, पाहुणे कुठं आहेत?"

"पहिल्या वळणावर मोहाचं झाड आहे ना? त्याच्याखाली झोपून राह्यले. आठच्या आठ. एकाचाही डोळा उघडत नाही!"

दुपारी ते जांभया देत खाली आले. रहीमभाई त्यांना न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "क्यों साहब, कहाँ तक गये थे?"

त्यातला एक म्हणाला, "वांग्यापर्यंत!"

* * *

इथवर आम्ही हसत होतो. मग यांच्या मोबाइलवर कोणा पाहुण्याचा अभिप्राय आला, इंग्रजीत. माझं शिक्षण सातवी. ती अक्षरं मला लावता येतात, अर्थ लागत नाही. यांनी वाचून सांगितला.

"जागा सुंदर. जेवण उत्तम. आंटी फार काळजी घेतात. डोंगर पाहायचा राहिला."

पाचातले तीनच तारे दिले होते.

मी भडकले. "आंटी? सव्वीस वर्षांच्या बाईले आंटी म्हणते?"

मागच्या दोन आठवड्यांत खोलीसाठी एकही फोन आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पलंगाखालची पुण्याची बॅग ओढून काढली, धूळ झटकली आणि उन्हात ठेवली. चिकू आली आणि बॅगेवर बसून राहिली. उठायलाच तयार नाही.

तेव्हा मला कळलं, की हा धंदा डोंगरामुळे नाही, माझ्यामुळे बुडून राह्यला. मी चिकूच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "यापुढे पाहुण्यांसमोर तोंड उघडणार नाही."

* * *

आणि नाही उघडलं!

अमरावतीचे तीन मास्तर आले. मी हसून चहा दिला, हसून पोहे दिले. सकाळी ते बूट घालत होते तेव्हा माझ्या जिभेवर किती गोष्टी आल्या. पाणी घेतलं का, काठी घेतली का, सागाच्या वाळल्या पानांवर पाय घसरतो. पण मी पदराचं टोक तोंडात धरून दारात उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसत राहिले. बोलले मात्र नाही.

मास्तर आपसात कुजबुजले. एकानं रहीमभाईंना बाजूला घेतलं. "वहिनी बोलत काहून नाहीत? आणि रडून काहून राह्यल्या?"

रहीमभाईंना माझ्या शपथेचं काय माहीत! त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "साहब, ये भाभी कभी चुप नहीं रहती. आज चुप है, मतलब ऊपर पक्का कुछ है!"

तिघांनीही तिथल्या तिथे बूट काढले.

* * *

होळी आठ दिवसांवर आली. पुण्याहून सुपरवायझरचा निरोप आला, रविवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. आणि त्याच शनिवारी नागपूरहून चार बाया आल्या. पन्नाशीच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांच्यातल्या पुढारीण बाईला सगळ्या माई म्हणत.

मी विचारलं, "तुम्हाला आमचा पत्ता कोणी दिला?"

माई म्हणाल्या, "मोबाइलवर वाचलं, एक आंटी पाहुण्यायले डोंगरावर जाऊच देत नाही. म्हटलं, डोंगर कुठंही पाहू, ही बाई पाहून येऊ!"

रविवारी सकाळी त्या निघाल्या तेव्हा चिकूनं माईंचं बोट धरलं ते सोडेचना. मी नाही म्हटलं. माई म्हणाल्या, "अवो, चार आज्या आहोत सोबत, आन तिचा बापही आहे." यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी यांनी पुन्हा उन्हात काढून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. आणि काय झालं कोणास ठाऊक, मी हो म्हटलं!

त्या दिसेनाशा झाल्या आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. ठरवलं, पहिल्या वळणापर्यंतच जाऊन पाहू. छत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली, चिकूचं स्वेटर घेतलं. पहिल्या वळणावरून तिचा लाल फ्रॉक वर दिसला. मग म्हटलं, अजून एक वळण. फ्रॉक पुढे पुढे, मी मागे मागे. खाली पाहायचं सुचलंच नाही. धापा टाकत वर पाहते तर पुढे डोंगरच नव्हता, नुसतं आभाळ. मी माथ्यावर पोचले होते!

चिकू एका दगडावर बसून केळं खात होती. म्हणाली, "आई, तू कायले आली?"

माईंनी टाळ्या वाजवल्या. "आली वो आली! आता पाह्य खाली, किती सुंदर दिसते!"

मी खाली पाहिलं.

आणि जिथं होते तिथंच बसले. दोन्ही हातांनी यांच्या शर्टाचं टोक पकडलं आणि डोळे मिटले. हे म्हणाले, सोड. मी सोडेना. म्हणाले, चल, हळूहळू उतरू. मी हलेना. माई म्हणाल्या, पाणी पी. पण पाण्यासाठी हात सोडावा लागतो! चारही बाया ओढून पाहून थकल्या. अर्धा तास झाला, मी तशीच.

तेवढ्यात यांच्या खिशातला फोन वाजला. आमच्या घरी नेटवर्क येऊन-जाऊन असतं, डोंगरावर मात्र भरपूर! फोन चिकूनं काढला आणि माझ्या कानाला लावला.

"हॅलो, सुपरवायझर बोलतोय. उद्या कामावर येताय की नाही? आत्ताच सांगा."

मी डोळे मिटूनच म्हटलं, "साहेब, मी डोंगरावर अडकली. यायच्या, चिकूच्या बाबाच्या, शर्टाचं टोक माझ्या हातात आहे. खाली पोचल्याशिवाय मी सोडणार नाही."

"मग खाली कधी पोचाल?"

मी एक डोळा उघडून पाहिलं. आपलं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. डोळा पुन्हा घट्ट मिटला.

"सांगता येत नाही, साहेब. तुम्ही दुसऱ्याले घ्या!"