रेघेखाली गेलेलं द्रास

नम्रता आमच्या कोथरूडच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली ती वाशिमहून, दोन बॅगा आणि नकाशांची एक लांबलचक गुंडाळी घेऊन. साल अठ्ठ्याण्णव. सोसायटीतली झाडून सगळी पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होती आणि ही बया राजकीय भूगोलात एम.ए. करत होती. "नकाशे बघून पोट भरतं का गं?" मी विचारलंच. मला तोंड आवरत नाही, काय करणार! ती हसून म्हणाली, "काकू, देश कुठे भांडणार हे माणसं नंतर ठरवतात. डोंगर, खिंडी आणि रस्ते आधीच ठरवून बसलेले असतात."

"म्हणजे आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडतात, तसंच ना?"

"अगदी तसंच," म्हणाली.

सकाळी ती श्रीधर सरांच्या क्लासमध्ये दहावीला भूगोल शिकवायची. भारताच्या नकाशाचा तो रबरी शिक्का आठवतो ना, शाईच्या पॅडवर दाबून वहीत उठवायचा? क्लासमधला झिजला म्हणून हिने नवा करून घेतला. प्रबंधासाठी ग्रंथालयातल्या एका परदेशी अ‍ॅटलासवरून ट्रेसिंग काढलेलं होतं, घाईघाईत तेच शिक्केवाल्याला देऊन टाकलं. चाचणीच्या दोनशे पेपरांवर ठसे उठवले. त्या अ‍ॅटलासमध्ये काश्मीर ताबारेषेपाशीच संपत होतं. वर्षभर तोच नकाशा बघून हिच्या डोळ्यांना ते खटकेनासं झालं होतं. हीच चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर हिने तासभर लेक्चर झोडलं असतं!

आणि दिवस कुठले? नव्व्याण्णवचा जून. कारगिलची लढाई पेटलेली. टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या.

दुपारी नम्रताला श्रीधर सरांचा फोन आला. "नकाशा पाहिलात का आपला? काश्मीरचं वरचं टोक गायब आहे. एक पालक पेपर घेऊन आले होते. मुलगा सैन्यात आहे त्यांचा. पत्ता मागितला, मी दिला. आता आपलं आपण निस्तरा." शाबास! संकटात माणूस असा हात देतो.

नम्रता मटकन खाली बसली. "काकू, मले लय भेव वाटून राह्यलं." घाबरली की तिचं वाशिम बाहेर पडायचं. "असा नकाशा छापणं गुन्हा आहे. तुरुंगात टाकतात."

"येरवडा काही लांब नाही, डबा पोचवीन," मी नेहमीसारखी बोलून गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि माझी मलाच लाज वाटली. खरं सांगते, मीही टरकले होते. घरात आम्ही दोघीच. भर दुपारी दाराला कडी घातली, वर खुर्ची टेकवली. बाहेर स्कूटर थांबली की आम्ही दोघी दाराकडे बघायचो. तिच्या पानातला भात तसाच वाळून गेला.

चारच्या सुमारास दार वाजलं.

"कोण?" मी आतूनच ओरडले.

"बापूराव. वारज्याचा. म्याडम हायेत का?"

"नका उघडू, काकू," नम्रता माझा पदर धरून कुजबुजली. तेवढ्यात बाहेरून मुलीचा आवाज आला, "मॅडम, मी उत्कर्षा." तिची विद्यार्थिनी. मग मी कडी काढली.

दारात पागोटं घातलेला उंच माणूस, हातात चाचणीचा पेपर. मागे उत्कर्षा, डोळे रडून सुजलेले. नम्रता हात जोडून भडाभडा बोलायला लागली, "चुकलं हो माझं. मुद्दाम नाही केलं."

"काय चुकलं?" त्यांना कळेचना. पेपर टेबलावर पसरून ते म्हणाले, "आमचा रतन द्रासला हाय. पोरीला म्हटलं, दाव कुठं हाय ते. तर म्हणती, रेघेखाली गेलंय. आख्खं गाव रेघेखाली कसं जाईल वो?"

रेघेखालीच गेलं होतं. द्रास इतकं काठावर, की शिक्क्याच्या जाड रेघेने ते झाकून टाकलं होतं.

नम्रताने मोठा नकाशा उलगडला. त्यावर बोट ठेवलं. "हे द्रास. हा लेहला जाणारा रस्ता. हे डोंगर."

"डोंगरावर कोण हाय?"

ज्याच्या हातात शिखरं त्याच्या हातात रस्ता, असं तिने प्रबंधात लिहिलेलं मला वाचून दाखवलं होतं. मी बापूरावांच्या पाठीमागून मान हलवली, नको सांगूस. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"वर ते आहेत. आपली मुलं खालून चढतायत."

बापूरावांनी जन्मभर वारज्याच्या टेकडीवर गुरं चारलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "आडोसा हाय का? झाडं-बिडं?"

"नाही."

"येकबी न्हाई?"

"एकही नाही, बापूराव."

त्यांनी पेपर पुढे सरकवला. "रतन हाय तिथं खूण करा." पेन्सिलीचं टोक मोडलं. उत्कर्षाने दुसरी दिली आणि कागद धरून ठेवला. खूण झाल्यावर त्यांनी घडी घालून पेपर खिशात टाकला. चहालाही थांबले नाहीत.

मी दार लावून वळले, तर नम्रता तिथेच उभी. "काकू, ते ओरडले असते तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून संध्याकाळच्या बातम्या लागल्या की ती माझ्या शेजारी येऊन बसायची. गेलेल्या जवानांची नावं वाचायला लागले की माझा हात धरायची आणि शेवटचं नाव होईपर्यंत सोडायची नाही.