ओल्या बोटाची चाचणी

मी पोटासाठी खिडक्या दुरुस्त करते असं एकदा चुकून सांगितलं, तर आमच्या नागभीडच्या शेजारीणबाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघराची गंजलेली कडी दाखवली. तेव्हापासून मी सांगते की कॉम्प्युटरचं काम करते. मग लोक प्रिंटर घेऊन येतात. दोन्हींत प्रिंटर परवडतो.

खरं काम असं आहे. कॉम्प्युटरवर दिसणारी बटणं, खिडक्या, याद्या, सरकपट्ट्या हे सगळं सामान तयार करून देणारा एक संच असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ते सामान उचलायचं आणि आपला प्रोग्राम मांडायचा. आमच्या संचाची बढाई अशी की एकदा लिहा आणि कुठंही चालवा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, श्रीमंतांच्या कॉम्प्युटरवर, फुकटातल्या प्रणालीवर, मोबाइलवर, टॅब्लेटवर, सगळीकडे सारखंच दिसेल. ही बढाई म्हणजे एकाच मापाचा सदरा शिवून चार भावांना घालायला देण्यासारखी आहे. एकाला गळ्यात आवळतो, दुसऱ्याच्या बाह्या लोंबतात, तिसऱ्याचं बटणच लागत नाही. मी ते गळे आणि बाह्या बघते. कंपनी पुण्याची, मी घरूनच काम करते, आणि वीज असली तर इंटरनेट नसतं एवढं सोडलं तर माझं बरं चाललं आहे.

या धंद्यात विचित्र तक्रारी येतात. एका प्रकारच्या मशीनवर बटणावरच्या मराठी अक्षरांचे उकार खालून कापले जायचे, त्यामुळे सगळी बटणं लंगडी दिसायची. दुसऱ्या एकावर यादी उघडली की ती पडद्याच्या बाहेर जाऊन बसायची. अशा तक्रारींना आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: "माझ्याकडे नीट चालतंय." हे उत्तर मी इतक्या लोकांना इतक्या गोड भाषेत दिलं आहे की त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

ते पहिल्यांदा माझ्यावरच उलटवलं माझ्या मामानं.

मामा झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा प्रॉम्प्टर आहे. बाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागतं. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात. नट रोज वेगळ्या गावी आणि पुष्कळदा रोज वेगळ्या नाटकात, त्यामुळे पाठांतराला कुणाला सवड नसते. रंगमंचाच्या पुढे, वादकांच्या बाजूला, प्रॉम्प्टर खाली बसतो आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं नाटक वाचतो. नट ते कानानं उचलतात आणि तोंडानं टाकतात, आणि इतक्या सफाईनं की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. नियम एकच. प्रॉम्प्टरनं म्हटलं की नटानं म्हणायचं. विचार करायला मधे जागाच नसते.

मामाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. थेंब टाकून तो जागच्या जागी राहील, गेलेलं मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाताने लिहिलेली नाटकाची वही त्याला दिसेना. गेल्या हंगामात त्यानं दोनदा ओळ चुकवली आणि ज्या गावात तो वर्षानुवर्षं बसतो तिथल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष मामीजवळ हळूच म्हणाले, "भाऊले आता आराम करू द्या, बाई." मामीनं ते मामाला सांगितलं नाही, मला सांगितलं. मला रात्रभर राग आला. त्या जागेवरून उठवलं तर मामा घरी बसून करणार काय? कोंबड्यांना प्रॉम्प्टिंग?

म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. अख्खं नाटक टाइप करून त्यात घातलं. काळ्या पडद्यावर पांढरी, ढब्बू अक्षरं. बोटानं सरकवलं की पान उलटतं. आमच्याच संचाचं सामान वापरलं आणि एक स्वस्तातला टॅब्लेट घेऊन दिला. अध्यक्षांशी बोलून ठरवलं की ज्या दिवशी नाटक, त्याच दिवशी दुपारी, नट आले की, चार प्रवेशांची तालीम करू. जमलं तर मामा बसेल. नाही जमलं तर वडशाला, जिथं या नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, दुसरा प्रॉम्प्टर सांगून ठेवलेलाच होता, फोन केला की निघणारा.

आठवडाभर आधी मामाचा फोन. "जयभीम बाई. तुह्या डब्ब्यात मधातच एक पाटी येते."

"कसली पाटी?"

"आता मले का माईत? मी वाचून राह्यलो अन् पाटी येते. जात नाई मंग."

मी माझ्या लॅपटॉपवर पाहिलं, माझ्या मोबाइलवर पाहिलं, तसल्याच एका टॅब्लेटवर पाहिलं. पन्नास पानं उलटली, पाटी नाही. "मामा, माझ्याकडे नीट चालतंय," मी म्हणाले.

"मंग तुह्या घरीच नाटक लावू काय?" मामा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तालमीच्या दुपारी मी लॅपटॉप पाठीला लावून गावात पोचले. गावाबाहेर शंकरपट चालू होता, बैलजोड्या धावत होत्या, त्यामुळे मंडपात अध्यक्ष, वादक, चार नट आणि खुर्च्या लावणारे एवढेच लोक. मामा आपल्या जागी बसला, मांडीवर टॅब्लेट. प्रवेश कौटुंबिक आणि करुण होता. शहरात जाऊन बदललेला मुलगा परत येतो तर आई मरणाच्या दारात. हिरो वडशाहून थेट आलेला, अजून अंगात प्रवासाचाच शर्ट. पण मामाचा आवाज सुरू झाला आणि तो गडी खाटेशी असा कोसळला की पाठीवरचा लॅपटॉप उतरवायचं मी विसरले.

"आई!" मामा म्हणाला.

"आई!" हिरो ओरडला.

"मी आलो गं आई, डोळे उघड!"

"मी आलो गं आई, डोळे उघड!"

मग मामानं पान उलटलं आणि त्याच सुरात, एकही मात्रा न सोडता वाचलं, "बदल जतन केलेले नाहीत!"

"बदल जतन केलेले नाहीत!" हिरोनं छाती पिटली.

"जतन करा! जतन करू नका! रद्द करा!"

"जतन करा!" हिरो हुंदका देत म्हणाला. "जतन करू नका! रद्द कराऽऽ!" ऑर्गनवाल्यानं इमानेइतबारे रडका सूर धरला. मरणाऱ्या आईनं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि खाटेवर उठून बसत म्हणाली, "का म्हणून राह्यला बे हा?"

खुर्च्या लावणारे पोट धरून खाली बसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. ते वाक्य मीच लिहिलं होतं, एका कंटाळवाण्या सोमवारी, आणि त्याला असा नट मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी मामाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो टॅब्लेट डोळ्यांशी नेऊन ती पाटी पुन्हा पुन्हा दाबत होता आणि ती जात नव्हती. माझं हसणं तिथंच थांबलं.

अध्यक्ष भले माणूस. ते माझ्याशी बोलले, मामाकडे न पाहता. "बाई, तिकिटं इकून झाली. दिवे लागेपर्यंत पाह्य. नाईतर मी वडशाले फोन करतो. भाऊले वाईट वाटन, पण माह्यापाशी इलाज नाई."

मी मामाच्या शेजारी जमिनीवर बसले. टॅब्लेट हातात घेतला, पुसला, दाबल्यावर पाटी गेली, मग पानं उलटली. पाटी नाही. पुन्हा उलटली. नाही. माझ्या तोंडात ते ठरलेलं उत्तर आलंच होतं, ते मी गिळलं आणि टॅब्लेट मामाला परत दिला. "वाचा तुमी," मी म्हणाले. "मी नुसती पाहते."

मामानं वाचायला घेतलं आणि मी पहिल्यांदा पडद्याकडे न पाहता त्याच्या हाताकडे पाहिलं. पान संपलं. मामानं उजवं बोट जिभेला लावलं. मग टॅब्लेटच्या अगदी खालच्या कोपऱ्यातून, काच जिथं संपते तिथून, ते ओलं बोट हळूच आत ओढलं. वहीचं पान उचलतात तसं. आणि पाटी आली.

सगळं उलगडलं. मी आणि माझ्यासारखे सगळे पडद्याच्या मधोमध बोट फटकारतो. त्या टॅब्लेटला मात्र काठावरून आत आलेलं बोट म्हणजे "मागे जा" असं वाटतं. तो हे आमच्या संचाला कळवतो, आमचा संच त्याचा अर्थ "प्रोग्राम बंद करा" असा लावतो, आणि बंद करण्याआधी शहाण्यासारखं विचारतो, बदल जतन करायचे का. बदल म्हणजे काय, तर मामानं अक्षर मोठं केलेलं. वरून काचेवर थुंकीचा ठिपका राहायचा. बोट उचललं तरी टॅब्लेटला वाटायचं की बोट तिथंच टेकलेलं आहे, म्हणून पाटी कितीही दाबली तरी हलायची नाही. कंपनीतल्या कुणाच्याही कॉम्प्युटरवर हे घडणं शक्य नव्हतं, कारण कंपनीत कुणी कॉम्प्युटरला थुंकी लावत नाही.

आधी मी सोपा रस्ता धरला. "मामा, बोट ओलं नका करू. अन् मधातून सरकवा."

मामानं करून पाहिलं. हिरोला परत उभं केलं. आणि सगळं नाटक फिसकटलं. मामा अडखळायला लागला, हिरो मधेच घुसायला लागला, आई मरायच्या आधीच रडारड सुरू झाली. शेवटी हिरोच वैतागून म्हणाला, "बाई, भाऊले बोट चाटू द्या. त्याईनं बोट चाटलं का मले समजते, आता दम घ्याचा. आता मी कुठी दम घेऊ?"

म्हणजे ते बोट चाटणं नुसतं पान उलटणं नव्हतं. सगळा रंगमंच त्यावर श्वास घेत होता. आता मामाला बदलायचं की संचाला, हा प्रश्नच उरला नाही. मी लॅपटॉप उघडला.

वादकांच्या सतरंजीवर बसून मी ते काम केलं. खालचा कोपरा आमचा, तिथं "मागे जा" चालणार नाही, असं टॅब्लेटला बजावता येतं, ते बजावलं. न हलणारं, नुसतं टेकून राहिलेलं बोट हे बोट धरायचंच नाही, असं संचाला सांगितलं. तपासताना मीही बोट जिभेला लावून पाहिलं. कोरड्या बोटानं कसं कळणार? अध्यक्ष येऊन पाहून गेले आणि चहा पाठवला. दिवे लागायच्या आत मामानं तोच प्रवेश पुन्हा वाचला. बोट चाटलं, पान उलटलं, हिरोनं दम घेतला, आई वेळेवर मेली. अध्यक्षांनी वडशाला फोन केला खरा, पण "येऊ नका" म्हणून.

ती दुरुस्ती मी नंतर संचात रीतसर घातली आणि सोबत एक चाचणी जोडली. संचात कुणीही काहीही बदललं की ती आपोआप चालते. कोपऱ्यातून एक बोट हळूच आत येतं, एक ठिपका मागे राहतो, आणि पान उलटलं की नाही हे पाहिलं जातं. तिचं नाव मी "ओलं बोट" ठेवलं. परदेशातल्या एका सहकाऱ्यानं मला लिहिलं की ही चाचणी फार वेळ खाते, असं प्रत्यक्षात कोण करतं, काढून टाकू का? त्याच्याकडे नीट चालत होतं, असंही तो म्हणाला. मी त्याला इतकं सविस्तर उत्तर पाठवलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मामा अजून बसतो. नागभीडकडच्या गावांत आता हिरो लोक त्याला "जतन भाऊ" म्हणतात आणि तो रागावल्यासारखं करतो. पण काचबिंदू जागच्या जागी राहिलेला नाही. पहिल्या हंगामात पडद्यावर आठ ओळी मावायच्या. मागच्या वर्षी मी अक्षर वाढवलं, चार झाल्या. या वर्षी दोनच मावतात, आणि मामाचं बोट सारखं जिभेवर आणि कोपऱ्यात फिरत असतं. हिरो म्हणतात, भाऊ आता फार दम देतात, नाटक चांगलं रंगते.

परवा मी मामाच्या घरी गेले तेव्हा मामा ओट्यावर टॅब्लेट घेऊन बसला होता. पडद्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "बाई, एका पानावर एकच शब्द मावन एवढं अक्षर होते काय तुह्या डब्ब्यात?"

"होते," मी म्हणाले. "माझ्याकडे नीट चालतंय."

ते मी मागच्याच महिन्यात करून, बोट ओलं करून, तपासून ठेवलं होतं.